एकशे सत्तावीस एकांची संख्या

१६४४ साली पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन या पाद्र्याचा ‘कोगिताता फिसिको-माथेमातिका’ हा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने अकरा आकड्यांची एक यादी दिली होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्याचं म्हणणं असं की दोनाचा एवढावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की येणारी संख्या मूळ असते, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. आणि २५७ पर्यंतचा दुसरा कुठलाही घात घेतला तर असं होत नाही.

या यादीत पाच चुका होत्या. त्या सगळ्या उघडकीला यायला तीनशे वर्षं लागली, आणि त्या तीनशे वर्षांत ही यादी तपासता तपासता गणिताला एक नवी पद्धत सापडली.

मेर्सेन हा मिनिम पंथाचा. मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य असलेला हा कडक पंथ. पण पॅरिसच्या मठातली त्याची खोली म्हणजे त्या काळच्या युरोपातलं विज्ञानाचं टपालघर होतं. देकार्त, फर्मा, हॉयगेन्स, तोरिचेल्ली अशा सगळ्यांशी त्याचा पत्रव्यवहार चाले, आणि एकाचा शोध दुसऱ्याला त्याच्याचमार्फत कळे. या संख्यांत त्याला रस होता तो परिपूर्ण संख्यांमुळे. ६ चे, ती स्वतः सोडून, विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्या कशा बनवायच्या हे युक्लिडने सांगून ठेवलं होतं: ३, ७, ३१, १२७ यांसारखी दोनाच्या घाताहून एकाने कमी असलेली मूळ संख्या शोधा आणि तिला दोनाच्या योग्य घाताने गुणा. ३ गुणिले २ म्हणजे ६, ७ गुणिले ४ म्हणजे २८, ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. तेव्हा परिपूर्ण संख्यांचा शोध म्हणजे या खास मूळ संख्यांचा शोध. आज त्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. सोयीसाठी आपण दोनाच्या १२७व्या घातातून एक वजा केलेल्या संख्येला म-१२७ म्हणू, आणि बाकीच्यांनाही त्याच धर्तीवर.

या संख्यांची घडण दोनांच्या भाषेत, म्हणजे द्विमान पद्धतीत लिहिल्यावर लगेच दिसते. १२७ ही संख्या तिथे १११११११ अशी, म्हणजे नुसते सात एक, लिहितात. म-१२७ म्हणजे ओळीने एकशे सत्तावीस एक. घात मूळ संख्या का असावा लागतो तेही इथेच कळतं. सहा एकांची ओळ ही तीन-तीन एकांचे दोन गट शेजारी ठेवून बनते, म्हणून ६३ ला ७ ने भाग जातो. ओळ समान गटांत तोडता येत असेल तर संख्या मूळ असूच शकत नाही. उलटं मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण म-११ म्हणजे २०४७ ही २३ गुणिले ८९ निघते; हे १५३६ सालीच माहीत झालं होतं.

मेर्सेनच्या आधी बोलोन्याच्या पिएत्रो कातालदीने म-१७ आणि म-१९ मूळ असल्याचं दाखवलं होतं, तेही सरळ मार्गाने. त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता केला आणि ५,२४,२८७ ला एकेकीने भागून पाहिलं. वर्गमूळापर्यंत भागून कशानेच भाग गेला नाही की संख्या मूळ. इथवर ठीक होतं. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हेही घात जमेत धरले, आणि त्यातला फक्त ३१ टिकला. १६४० मध्ये फर्माने म-२३ ला ४७ ने आणि म-३७ ला २२३ ने भाग जातो हे दाखवलं. फर्माने भागाकार कमी करायची युक्ती काढली होती. घात ३७ असेल तर विभाजक हा ७४ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असायला हवा. बाकीच्या संख्या तपासायचं कारणच नाही. २२३ म्हणजे ७४ ची तिप्पट अधिक एक.

हीच युक्ती पुढे नेत ऑयलरने म-३१ चा निकाल लावला. त्याने योहान बेर्नुलीला लिहिलेलं पत्र १७७२ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑयलर तेव्हा पासष्टीचा होता आणि त्याची दृष्टी जवळपास गेली होती. २,१४,७४,८३,६४७ या संख्येचं वर्गमूळ साधारण ४६,३४० येतं. पण विभाजक कोणत्या साच्यातला असायला हवा हे ठरवल्यावर तपासायचे भागाकार पावणेचारशेहूनही कमी उरले. एकानेही भाग गेला नाही.

पीटर बार्लो या इंग्रज गणितीने १८११ च्या आपल्या पुस्तकात म-३१ पासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल असं लिहिलं की यापुढे याहून मोठी कुणी शोधणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या. उपयोग काही नाही, मग एवढी खटपट कोण करणार? आज हीच म-३१ ही ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संगणकी पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणारी संगणकी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला याच आकड्यापाशी अडकणार आहेत.

बार्लोचं भाकीत चुकवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव एदुआर ल्युकाचं. १८४२ साली आमियँमध्ये जन्मलेला हा फ्रेंच गणिती पॅरिसच्या वेधशाळेत नोकरीला होता, १८७०च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्याचा अधिकारी होता, आणि युद्धानंतर आधी मूलँला, मग पॅरिसमध्ये शाळेत गणित शिकवत होता. विद्यापीठातली गादी त्याला कधी मिळाली नाही. फिबोनाची संख्या, म्हणजे १, १, २, ३, ५, ८ ही मालिका आणि तिच्या भावंडांवर त्याचं काम चाललं होतं. त्यातूनच त्याला म-१२७ कडे जायची वाट सापडली.

जुन्या वाटेने ते शक्यच नव्हतं. म-१२७ ही ३९ आकडी संख्या: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. तिचं वर्गमूळ वीस आकडी. फर्माची युक्ती लावली तरी पाचावर सोळा शून्यं इतके भागाकार उरतात. सेकंदाला एक केला तरी दीड अब्ज वर्षांहून जास्त काळ लागेल. मेर्सेननेही लिहून ठेवलं होतं की पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही.

ल्युकाने विभाजक शोधायचं सोडूनच दिलं. त्याची कसोटी अशी: ३ पासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करा, त्यातून २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. ठरलेल्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. लहान उदाहरण म-७ चं, म्हणजे १२७ चं. पहिलं पद ३. मग ९ वजा २ म्हणजे ७. मग ४९ वजा २ म्हणजे ४७. ४७ चा वर्ग २,२०९, वजा २ म्हणजे २,२०७. १२७ ने भागल्यावर बाकी ४८. ४८ चा वर्ग २,३०४, वजा २ म्हणजे २,३०२, बाकी १६. १६ चा वर्ग २५६, वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य. सहाव्या पदाला शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. कुठल्याही विभाजकाचं नाव घेतलेलं नाही. म-१२७ साठी हेच एकशे सव्वीस पदांपर्यंत करायचं, म्हणजे एकशे पंचवीस वर्ग.

पण ३९ आकडी संख्येचा वर्ग करून त्याला ३९ आकडी संख्येने भागायचं, तेही सव्वाशे वेळा, हे काही सोपं नाही. इथे एकांची ओळ ल्युकाच्या कामी आली. मघाचे २,२०७ द्विमानात लिहिले तर १०००१ ००१११११ असे येतात. उजवीकडचे सात अंक कापून बाजूला घ्या: ते ३१ आहेत. डावीकडे उरलेले १७ आहेत. त्यांची बेरीज ४८, आणि हीच ती बाकी. भागाकार करावाच लागला नाही. धोतराच्या सोग्यासारखा संख्येचा वाढीव भाग मागे घडी घालून मूळ भागावर टाकायचा, की झालं. दोनाचा सातवा घात १२७ हून बरोबर एकाने मोठा आहे, म्हणून डावीकडचा प्रत्येक अंक तसाच्या तसा उजवीकडे येऊन बसतो.

ल्युकाने हे गणित बुद्धिबळाच्या पटावर करायची रीत सांगितली. पट मात्र एका बाजूला १२७ घरांचा, म्हणजे १२७ गुणिले १२७ घरं. सोंगटी असेल तर १, घर रिकामं असेल तर ०. गुणाकाराच्या ओळी एकाखाली एक मांडायच्या, कडेबाहेर जाणारी सोंगटी दुसऱ्या कडेने आत आणायची, आणि एका स्तंभात दोन सोंगट्या जमल्या की त्या उचलून शेजारच्या स्तंभात एक ठेवायची. १८७६ मध्ये त्याने म-१२७ मूळ असल्याचं जाहीर केलं. हाताने सिद्ध केलेली ही सर्वांत मोठी मेर्सेन मूळ संख्या ठरली, आणि तिच्याहून मोठी मूळ संख्या पुढची ७५ वर्षं कुणाच्या हाती लागली नाही. त्याच वर्षी त्याने म-६७ मूळ नाही असंही सांगितलं. विभाजक एकही न दाखवता. मेर्सेनच्या यादीतली पहिली चूक अशी निघाली.

या निकालानंतर बेल्जियममधल्या अजेन कातालाँने एक साखळी पुढे मांडली. २ पासून सुरुवात करा. दोनाचा दुसरा घात वजा एक म्हणजे ३. दोनाचा तिसरा घात वजा एक म्हणजे ७. दोनाचा सातवा घात वजा एक म्हणजे १२७. दोनाचा १२७वा घात वजा एक म्हणजे ल्युकाची संख्या. सगळ्या मूळ. पुढची कडी मूळ आहे का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्या संख्येत पाचावर सदतीस शून्यं इतक्या संख्येहूनही जास्त आकडे आहेत. ती लिहूनच काढता येत नाही, तर ल्युकाची कसोटी लावायची कशावर?

सर्वसामान्य लोकांना ल्युका माहीत झाला तो वेगळ्याच कारणाने. १८८३ मध्ये त्याने ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणं बाजारात आणलं. तीन खुंट्या, एकीवर मोठ्यापासून लहान अशा चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. पेटीवर निर्मात्याचं नाव ‘प्राध्यापक एन. क्लॉस, सियाम’ असं होतं. ल्युका आणि आमियँ ही नावं उलटसुलट करून त्याने स्वतःच ते बनवलं होतं. पुढच्या वर्षी आंरी द पार्व्हिलने या खेळाला काशीच्या देवळाची कहाणी जोडली: हिऱ्याच्या तीन सुया, सोन्याच्या ६४ चकत्या, आणि ब्रह्मदेवाच्या आज्ञेने रात्रंदिवस त्या हलवणारे पुजारी, शेवटची चकती हलली की जगाचा अंत. काशीत असं देऊळ नव्हतं. ही कहाणी पॅरिसमध्येच रचलेली. तिच्यातलं गणित मात्र पक्कं होतं. ६४ चकत्या हलवायला लागणाऱ्या खेळ्या म्हणजे दोनाच्या ६४व्या घातातून एक वजा. सेकंदाला एक खेळी म्हटली तरी ५८५ अब्ज वर्षं. सात चकत्यांना १२७ खेळ्या, आठांना २५५. मेर्सेनच्या संख्या खेळण्याच्या पेटीत आल्या होत्या.

ल्युकाचा शेवट चटका लावणारा झाला. १८९१ मध्ये मार्सेय इथल्या विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून थाळ्या पडल्या, एक तुकडा उडून ल्युकाच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबरला तो गेला. वय एकोणपन्नास.

तोवर मेर्सेनच्या यादीला दुसरं खिंडारही पडलं होतं. १८८३ मध्ये रशियातल्या उरल भागातले पाद्री इव्हान पेर्वुशिन यांनी म-६१ मूळ असल्याचं सिद्ध केलं. मेर्सेनच्या यादीत ६१ नव्हता. १९११ आणि १९१४ मध्ये अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीत काम करणाऱ्या आर. ई. पॉवर्सने म-८९ आणि म-१०७ ची भर घातली. म-६७ चे विभाजक १९०३ मध्ये सापडले. न्यूयॉर्कला अमेरिकन गणित सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोलने फळ्यावर एका बाजूला दोनाचा ६७वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणलं, दोन्हीकडचा २१ आकडी गुणाकार सारखाच आला, आणि तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला. कोलला यासाठी तीन वर्षांचे रविवार लागले, असं एरिक टेंपल बेल सांगत असे. त्या गोष्टीला बेलने थोडा मुलामा दिला असेल, पण गुणाकार बरोबर आहे.

म-२५७ ही शेवटची चूक. ती अमेरिकेच्या डेरिक हेन्री लेहमरने तपासली. ल्युकाच्या सिद्धतांमध्ये काही जागा मोकळ्या राहिल्या होत्या. लेहमरने १९३० च्या प्रबंधात त्या भरून काढल्या आणि कसोटी अशी सुटसुटीत केली की ३ ऐवजी ४ पासून सुरुवात केली तर ती प्रत्येक विषम मूळ घाताला लागू पडते. तिला आता ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात. १९४७ पर्यंत मेर्सेनची यादी शेवटपर्यंत तपासून झाली.

१९५१ मध्ये म-१२७ चा विक्रम मोडला. एमे फेरिएने बैठ्या गणनयंत्रावर ४४ आकडी मूळ संख्या काढली, आणि केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांना ७९ आकडी सापडली. गंमत अशी की ही ७९ आकडी संख्या म-१२७ च्या वर्गाला १८० ने गुणून त्यात एक मिळवून बनलेली होती.

खरा बदल ३० जानेवारी १९५२ च्या रात्री झाला. लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक ब्यूरोचा ‘स्वॅक’ नावाचा संगणक होता आणि तिथल्या संस्थेची सूत्रं लेहमरकडे होती. बर्कलीच्या राफेल रॉबिन्सनने यंत्र न बघता, नुसत्या पुस्तिकेवरून ल्युका-लेहमर कसोटीचा प्रोग्रॅम लिहून पाठवला होता. त्या रात्री म-५२१ सापडली, १५७ आकडी, आणि तिच्या मागोमाग म-६०७. त्याच वर्षात आणखी तीन आल्या. प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला, कारण यंत्राला जे येत होतं तेच या कसोटीला हवं होतं. स्वॅकमध्ये अंक द्विमानातच साठवलेले होते. वर्ग करा, २ वजा करा, ओळ कापा, घडी घाला. ल्युकाच्या पटावरच्या सोंगट्यांच्या जागी आता विजेचे स्पंद होते. संगणक येण्याच्या पाऊणशे वर्षं आधीच त्याच्यासाठीची रीत तयार होऊन बसली होती.

पुढची हकिकत सगळ्यांना साधारण ठाऊक आहे. यंत्रं मोठी झाली. १९७८ मध्ये लॉरा निकेल आणि कर्ट नोल या अठरा वर्षांच्या दोघांनी म-२१,७०१ शोधली. १९९६ पासून जॉर्ज वोल्टमनच्या ‘गिम्प्स’ या प्रकल्पात जगभरातले लोक आपापल्या संगणकांचा फावला वेळ या शोधाला देतात. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येसाठी खात्रीने आणि झटपट निकाल देणारी रीत शोधून जगाला चकित केलं. पण विक्रम मोडायचा असेल तर ती सर्वसाधारण रीत कामाला येत नाही. मेर्सेन संख्येची घडणच इतकी सोयीची आहे की तिथे ल्युकाचीच पद्धत पुढे राहते. १२ ऑक्टोबर २०२४ ला ल्यूक ड्युरँटच्या नावावर जमा झालेली सध्याची सर्वांत मोठी मूळ संख्या म-१३,६२,७९,८४१ ही ४,१०,२४,३२० आकडी आहे, आणि ती मूळ असल्याची खातरजमा शेवटी ल्युका-लेहमर कसोटीनेच झाली.

एवढ्या मोठ्या संख्येचा व्यवहारात काही उपयोग नाही. उपयोगी पडल्या त्या आधीच्या, लहान. मूळ संख्येने भागून बाकी काढणं हे आधुनिक कूटलेखनात रोजचं काम. जिथे लाखो वेळा बाकी काढायची, तिथे भागाकाराऐवजी नुसती घडी घालून भागत असेल तर वेळ वाचतो. म्हणून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेला ‘फोरक्यू’ हा कूटलेखनाचा वक्र ल्युकाच्या म-१२७ वर उभा आहे. आणि अमेरिकन मानक संस्थेने ठरवून दिलेल्या पी-५२१ या वक्रात, डिजिटल सह्यांसाठी, म-५२१ वापरली जाते. ही संस्था म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय मानक ब्यूरो. ज्या कचेरीच्या यंत्राने १९५२ च्या त्या रात्री निव्वळ हौसेखातर म-५२१ शोधली, त्याच कचेरीने पुढे तिला सही-शिक्क्याच्या कामाला जुंपलं.